आगीशी जिंकला, आकड्यांत अडकला

न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन ओहॅगन यांची कहाणी

१७ ऑक्टोबर १९६६ ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील तेविसाव्या रस्त्यावरील औषधांच्या एका दुकानात अग्निशमन दलाचे जवान शिरले होते. धूर येत होता, पण ज्वाळा कोठेच दिसत नव्हत्या. आग होती ती त्यांच्या पायांखाली. मागच्या बाजूला, बाविसाव्या रस्त्यावरील इमारतीच्या तळघरात कलावस्तूंच्या एका व्यापाऱ्याने रंग आणि लाखेचा साठा केला होता. हे तळघर वाढवून थेट औषधांच्या दुकानाखाली नेण्यात आले होते. वर उभ्या असलेल्या जवानांना याची कल्पना नव्हती. जमिनीवर सिमेंटचा जाड थर असल्याने खालची धगही त्यांना पुरेशी जाणवली नाही. पाहता पाहता जमीन खचली आणि दहा जण खालच्या आगीत कोसळले. आणखी दोघे वरच्या मजल्यावरच होरपळून गेले. एका रात्रीत बारा अधिकारी आणि जवान! १८६५ मध्ये पगारी दल स्थापन झाल्यापासून ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापर्यंत या दलाने एका घटनेत एवढी माणसे कधीच गमावली नव्हती.

त्या रात्री दलाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते जॉन ओहॅगन अवघे ४१ वर्षांचे होते. आधुनिक अग्निशमनाच्या इतिहासात त्यांच्याइतका बुद्धिमान अधिकारी क्वचितच झाला असेल. उंच इमारतींत काम करणाऱ्या लाखो लोकांची सुरक्षितता त्यांच्या आग्रहामुळे वाढली. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत न्यूयॉर्कमधील गरिबांच्या वस्त्यांतील अग्निशमन केंद्रे बंद झाली आणि ब्राँक्स हा शहराचा अख्खा विभाग वर्षानुवर्षे जळत राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर कशा जमा झाल्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

परीक्षांच्या पायऱ्या

ओहॅगन यांचा जन्म १९२५ चा, ब्रुकलिनमधील आयरिश वंशाच्या कुटुंबातला. त्या काळात आयरिश घरांतील मुलांसाठी पोलीस आणि अग्निशमन दल या हक्काच्या नोकऱ्या मानल्या जात. दुसऱ्या महायुद्धात लष्करात सेवा बजावून परतल्यावर ते अग्निशमन दलात रुजू झाले. या दलात साध्या जवानापासून लेफ्टनंट, कॅप्टन, बटालियन चीफ अशा पायऱ्या चढायच्या तर दर पायरीला लेखी परीक्षा द्यावी लागे. वशिल्याला वाव कमी आणि अभ्यासाला मोल अधिक. केंद्रातील कामाच्या पाळ्या सांभाळून पुस्तकांत डोके घालणाऱ्यालाच वर जाता येई. ओहॅगन यांनी या पायऱ्या झपाट्याने ओलांडल्या आणि १९६४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी ते दलप्रमुख झाले. इतक्या कमी वयात या पदावर यापूर्वी कोणीही पोहोचले नव्हते.

परंपरेचा अभिमान हे या दलाचे बळ होते आणि तेच त्याचे ओझेही होते. बापाने जशी आग विझवली, तशीच मुलाने विझवायची, असा खाक्या. धूर गिळत आत घुसणे हे मर्दुमकीचे लक्षण समजले जाई. या दलात नवे तंत्रज्ञान आणण्याचा ध्यास ओहॅगन यांनी घेतला. त्यांच्याच काळात ७५ फुटांपर्यंत पोहोचणाऱ्या पाळण्याच्या शिडीगाड्या आल्या. मिनिटाला तीस हजार लिटरहून अधिक पाणी फेकणारा अजस्र 'सुपर पंपर' १९६५ मध्ये दाखल झाला. पाण्यात विशिष्ट रसायन मिसळले की नळीतील घर्षण कमी होते आणि लहान, हलक्या नळीतूनही मोठ्या नळीइतके पाणी जाते, हा प्रयोगही याच काळातला. जड नळी घेऊन पाच मजले चढणाऱ्या जवानाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नसे.

जळते शहर

ओहॅगन दलप्रमुख झाले तेव्हा न्यूयॉर्कची घडी विस्कटू लागली होती. कारखाने शहराबाहेर जात होते. मध्यमवर्गीय गोरी कुटुंबे उपनगरांत घरे घेत होती. ब्राँक्सच्या मधोमध भल्यामोठ्या द्रुतगती महामार्गाची खोदाई होऊन जुन्या वस्त्या दुभंगल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोच्या कुटुंबांना धड नोकऱ्या मिळत नव्हत्या, की बँकांकडून घरासाठी कर्ज. घरमालकांनी दुरुस्ती थांबवली. जुनाट वायरिंग, थंडीत बंद पडलेले बॉयलर, त्यामुळे घरोघरी पेटणाऱ्या शेगड्या आणि रिकाम्या पडलेल्या सदनिका यांतून आगींची संख्या भराभर वाढत गेली.

दक्षिण ब्राँक्समधील इंटरव्हेल अॅव्हेन्यूवरील अग्निशमन केंद्र त्या काळात अवघ्या अमेरिकेत ठाऊक झाले. तेथील ८२ क्रमांकाची तुकडी महिन्याला शेकडो वेळा घंटा वाजताच बाहेर पडत असे. एका आगीवरून परतणारा बंब केंद्रात पोहोचण्याआधीच दुसऱ्या आगीकडे वळवला जाई. रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील धोक्याच्या लाल पेट्यांचे खटके ओढून खोट्या सूचना देण्याचेही पेव फुटले होते. ती सूचना खरी की खोटी, हे तेथे गेल्याशिवाय कळत नसे. बंबांवर दगड, बाटल्या आणि विटांचा मारा होई, म्हणून उघड्या गाड्यांवर छपरे बसवावी लागली. याच तुकडीतील जवान डेनिस स्मिथ यांनी लिहिलेले 'रिपोर्ट फ्रॉम इंजिन कंपनी ८२' हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा प्रचंड खप झाला. एकाच पाळीत अनेक आगी विझवून काळवंडलेल्या चेहऱ्याने घरी परतणाऱ्या जवानांचे आयुष्य प्रथमच सामान्य वाचकांसमोर आले.

ओहॅगन यांनी आरंभी सरळ उपाय केला. काम वाढले तर माणसे वाढवायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गजबजलेल्या केंद्रांत दुसऱ्या तुकड्या नेमण्यात आल्या. दुपारनंतर मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आगींचा जोर असताना काम करणाऱ्या खास तुकड्याही सुरू झाल्या. पण बंब वाढले तरी जवानांवरील ताण अपेक्षेइतका कमी होत नव्हता. जवळ जास्त गाड्या उपलब्ध असल्या की प्रत्येक सूचनेला जास्त गाड्या धाडल्या जात. हे कोडे अनुभवाने सुटणारे नव्हते. ते सोडवण्यासाठी वेगळ्याच जगातील माणसे दलात आली.

गणित आणि बंब

१९६६ मध्ये महापौर झालेले जॉन लिंडसे यांना शहराचा कारभार शास्त्रीय पद्धतीने चालवायचा होता. अमेरिकी हवाई दलासाठी अण्वस्त्रयुद्धाची गणिते मांडणारी कॅलिफोर्नियातील रँड ही संस्था त्यांनी शहराच्या कामासाठी पाचारण केली. १९६८ पासून तिचे तज्ज्ञ न्यूयॉर्कच्या प्रश्नांचा अभ्यास करू लागले आणि पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. बाकीच्या खात्यांनी या पाहुण्यांना फारसे जवळ केले नाही. पोलीस खात्याने तर त्यांची बोळवणच केली. अग्निशमन दलाचे दार मात्र ओहॅगन यांनी सताड उघडले. परीक्षांच्या बळावर वर आलेल्या या अधिकाऱ्याला गणितज्ञांची भाषा समजत होती.

सुरुवातीचे काम खरोखर मोलाचे होते. कोणत्या पेटीवरून कोणत्या वेळी खोट्या सूचना येतात हे पाहून तेथे किती गाड्या धाडायच्या ते ठरवले जाऊ लागले. एखाद्या भागातील सगळे बंब आगीवर गेले असता शेजारच्या भागातून कोणते बंब हलवायचे, याची रीत बसवण्यात आली. या संशोधनाला गणिती नियोजनाच्या क्षेत्रातील मानाचा लँचेस्टर पुरस्कारही मिळाला.

मात्र १९७० नंतर शहराच्या तिजोरीत खडखडाट होऊ लागला आणि प्रश्नच बदलला. तुकड्या कोठे वाढवायच्या, याऐवजी कोठे कमी करायच्या, असा तो झाला. तज्ज्ञांनी मोजपट्टी निवडली ती बंब पोहोचायला लागणाऱ्या वेळेची. काही शिडीगाड्यांवर स्टॉपवॉच देऊन नोंदी घेण्यात आल्या आणि त्यांवरून अंतर व वेळ यांचे नाते ठरवण्यात आले. हिशेब सोपा होता. जेथे केंद्रे विरळ आहेत तेथील एक बंद केले तर पोहोचण्याचा सरासरी वेळ बराच वाढतो. जेथे ती दाटीवाटीने आहेत, तेथील एक बंद केले तर काही सेकंदांचाच फरक पडतो. साहजिकच, दाट वस्तीच्या आणि जुन्या गरीब भागांतील केंद्रे कागदावर अतिरिक्त दिसू लागली.

ती केंद्रे दाटीवाटीने होती, कारण तेथे आगी जास्त लागत होत्या. एकाच वेळी चार ठिकाणी आग लागली असताना सर्वांत जवळचे केंद्र रिकामेच असते. मग पुढचा बंब किती सेकंदांत येतो याला अर्थ राहत नाही, कारण तो येतो दुसऱ्या टोकाकडून. रॉड्रिक आणि डेबोरा वॉलेस या संशोधक दाम्पत्याने पुढे या प्रारूपांवर कठोर टीका केली, तिचा गाभा हाच होता. वाहतुकीची कोंडी, इमारतींची अवस्था, जवानांचा थकवा यांना त्या हिशेबात पुरेशी जागा नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. सुखवस्तू वस्त्यांतील वजनदार लोकांच्या शेजारची केंद्रे यादीत आली की ती गाळली जात आणि हिशेब पुन्हा मांडला जाई, असे जो फ्लड यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फायर्स' या पुस्तकात नोंदवले आहे. याउलट, कपात अटळच होती आणि गणितामुळे तिचे नुकसान कमी झाले, अशी बाजू या कामातील तज्ज्ञांनी मांडली. कसेही असले तरी नोव्हेंबर १९७२ मध्ये तुकड्या बंद करण्याचा निर्णय अमलात आला, तेव्हा त्यावर दलप्रमुखाच्या संमतीची मोहोर होती.

गरिबांच्या वस्तीतील आगींकडे पाहण्याची दृष्टीही याच सुमारास बदलत होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार डॅनियल मॉयनिहन यांनी १९७० च्या एका टिपणात न्यूयॉर्कमधील आगींचा संबंध सामाजिक विकृतीशी जोडला. आग हा अपघात नसून तेथील माणसांचा दोष आहे, असे वाटू लागले की तेथे बंब पाठवण्याची निकड आपोआप कमी होते. १९७६ मध्ये शहराचे गृहनिर्माण प्रशासक रॉजर स्टार यांनी तर उजाड होत चाललेल्या वस्त्यांतील सेवा काढून घेऊन त्या ठरवून आक्रसू द्याव्यात, असा विचार जाहीरपणे मांडला.

आयुक्तपदाची वर्षे

१९७३ मध्ये लिंडसे यांनी ओहॅगन यांना अग्निशमन आयुक्त नेमले. दलातील सर्वोच्च अधिकारीपद आणि महापौरांच्या विश्वासातील राजकीय पद या दोन्ही खुर्च्या काही काळ त्यांच्याकडेच होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी जवानांनी संप पुकारला. दलाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. साडेपाच तासांत संप मिटला. संघटनेच्या सदस्यांनी मतदानात प्रत्यक्षात संपाविरुद्ध कौल दिला होता आणि नेत्यांनी तो दडवला होता, हे नंतर उघड झाले. तथापि दलप्रमुख आणि जवान यांच्यातील दरी त्या दिवशी साऱ्या शहराला दिसली. ज्याने हलकी नळी आणि नवी शिडी दिली, तोच आता आपल्या तुकड्या मोडतो आहे, अशी जवानांची भावना झाली होती.

१९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. महापौर एब्राहम बीम यांना १ जुलै रोजी हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसवावे लागले. त्यांत पोलीस होते, सफाई कामगार होते आणि अग्निशमन दलाचे शेकडो जवानही होते. काहींना लवकरच परत घेण्यात आले, पण बंद झालेल्या अनेक तुकड्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला सेकंड अॅव्हेन्यूवरील टेलिफोन एक्स्चेंज पेटले होते. त्या आगीत कोणी दगावले नाही, पण जळणाऱ्या केबलच्या प्लास्टिकचा विषारी धूर ज्यांच्या छातीत गेला, त्यांतील अनेक जवानांना पुढे कर्करोगाने गाठले.

१३ जुलै १९७७ च्या रात्री शहराची वीज गेली. अंधारात लुटालूट झाली आणि एक हजारांहून अधिक आगी लागल्या. ५ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ब्राँक्सच्या शार्लट स्ट्रीटवरील विटांच्या ढिगाऱ्यांमधून फेरी मारली. आठवड्याभरातच यांकी स्टेडियमवरील बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील सामन्याच्या वेळी जवळची एक ओस पडलेली शाळा पेटली. कॅमेरा तिकडे वळला आणि देशभरातील घरांत ब्राँक्सची आग दिसली.

या दशकाचा हिशेब मन सुन्न करणारा आहे. १९७० मध्ये ब्राँक्सची लोकसंख्या १४ लाख ७१ हजार होती. १९८० मध्ये ती ११ लाख ६९ हजारांवर आली. तेथील जनगणनेच्या सात गटांतील ९७ टक्क्यांहून अधिक इमारती या दहा वर्षांत आगीने किंवा ओसाडीने नाहीशा झाल्या. एकूण ४४ गटांनी निम्म्याहून अधिक इमारती गमावल्या. पाय रोवून राहिलेल्या कुटुंबांना रात्री मुलांना बूट घालूनच झोपवण्याची सवय लागली होती, असे त्या पिढीतील अनेकजण सांगत.

गगनचुंबी इमारतींचा पहारेकरी

एवढ्यावर ओहॅगन यांचे मूल्यमापन संपवले, तर ते अन्यायाचे ठरेल. ५ ऑगस्ट १९७० रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील वन न्यूयॉर्क प्लाझा या पन्नास मजली नव्या इमारतीला आग लागली. वर निघालेली लिफ्ट आग लागलेल्या मजल्यावरच थांबली, दार उघडले आणि आतील दोन रखवालदारांचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस थर्ड अॅव्हेन्यूवरील दुसऱ्या एका उंच इमारतीतील आगीने तिघांचा बळी घेतला. न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या, मजल्यामजल्यांवर धूर पसरवणारी वातानुकूलन यंत्रणा, हलके बांधकाम आणि उष्णतेने आपोआप दबणारी लिफ्टची बटणे हे सारे मृत्यूचे सापळे आहेत, हे ओहॅगन यांनी ओळखले.

बांधकाम व्यावसायिकांच्या तीव्र विरोधाला न जुमानता त्यांनी कायद्याचा पाठपुरावा केला आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'लोकल लॉ ५' मंजूर झाला. उंच कार्यालयीन इमारतींत अग्निसुरक्षा अधिकारी, सूचना देण्याची यंत्रणा, नियमित सराव, आगीच्या वेळी लिफ्ट खाली आणण्याची सोय आणि धूर रोखण्याची व्यवस्था किंवा पाण्याचे फवारे त्यामुळे बंधनकारक झाले. आज कार्यालयांत आगीचा सराव होतो तेव्हा त्यामागे अशा कायद्यांची परंपरा असते. वर्ल्ड ट्रेड सेंटर मात्र पोर्ट अॅथॉरिटीच्या मालकीचे असल्याने शहराच्या नियमांच्या कक्षेबाहेर होते. १३ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथे अकराव्या मजल्यावर लागलेली आग केबलच्या पोकळ्यांतून इतर मजल्यांवर पसरली. उंच इमारतींतील आगींवर ओहॅगन यांनी लिहिलेला ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये ते मनोरे कोसळले, तेव्हा पोलादाच्या हलक्या सांगाड्याचे आगीपासून रक्षण कसे करायचे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्याने चर्चेत आला.

निरोपानंतरचा हिशेब

बीम यांची कारकीर्द १९७७ अखेर संपली, तसे ओहॅगन यांचे आयुक्तपदही संपले. पुढे ते अग्निसुरक्षेविषयी सल्ला देत राहिले. १९९१ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर शार्लट स्ट्रीटच्या मोकळ्या जागी अंगण असलेली बैठी घरे उभी राहिली होती आणि ब्राँक्सची पुनर्बांधणी सुरू झाली होती.

ब्राँक्स कोणी जाळला, हा वाद अद्याप संपलेला नाही. पूर्वी तेथील रहिवाशांनाच दोष दिला जाई. फ्लड यांच्या मते जाणूनबुजून लावलेल्या आगींचे प्रमाण समजले जाते त्याहून बरेच कमी होते आणि कपातीने साध्या आगींचे वणवे केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बॉर्न इन फ्लेम्स' या पुस्तकात बेंच अॅन्सफिल्ड यांनी विम्याच्या पैशांसाठी आगी लावून घेणाऱ्या घरमालकांवर आणि ती वाट मोकळी करणाऱ्या विमाव्यवस्थेवर बोट ठेवले आहे. या दोन्ही मांडण्यांत रहिवासी मात्र गुन्हेगार ठरत नाहीत. ते बळी ठरतात.

ओहॅगन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. शहर कंगाल झाले नसते, राजकारण्यांनी वजनदार वस्त्यांना अभय दिले नसते, तर त्यांच्या हातून कदाचित वेगळे काही घडते. तरीही एक प्रश्न उरतोच. उंच इमारतींत काय चुकते हे त्यांनी प्रत्येक आगीच्या राखेत हात घालून शोधले. ब्राँक्समधील आगींबाबत मात्र त्यांनी कागदावरील सेकंदांवर भिस्त ठेवली आणि इंटरव्हेल अॅव्हेन्यूवरून पाळी संपवून निघालेल्या जवानाला जे रोज दिसत होते, ते त्या कागदावर उतरलेच नाही. १९६६ च्या त्या रात्री वरून भक्कम दिसणारी जमीन खालून जळत होती आणि त्याची किंमत बारा जणांनी मोजली. पुढच्या दहा वर्षांत तशीच भक्कम दिसणारी गणिते मांडली गेली. त्यांची किंमत मोजणाऱ्यांची नावे मात्र दलाच्या कोणत्याच स्मृतिफलकावर कोरलेली नाहीत.